चांदी खरी, नाणं खोटं? स्मारक नाण्यांची पारख, पायरी-पायरीने

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी रुमालाची गाठ सोडून एक मोठं नाणं माझ्या हातावर ठेवलं. भारत सरकारचं, शंभर रुपयांचं, तळहात भरेल एवढं. जावयाने दिलेलं. त्या ते घेऊन एका दुकानात गेल्या होत्या. तिथे मशीनखाली धरल्यावर चांदी निघाली पन्नास-बावन्न टक्के, आणि दुकानातला मुलगा म्हणाला, "मावशी, निम्मी भेसळ आहे, कोणीतरी फसवलं तुम्हाला." जावयाशी दोन दिवस अबोला. नाणं मात्र शंभर टक्के अस्सल होतं. सरकारी टांकसाळ ते तसंच बनवते: निम्मी चांदी, बाकी तांबं, निकेल आणि जस्त.

त्याच आठवड्यात पारोळ्याकडचा एक तरुण १९३९ सालचा रुपया घेऊन आला. त्याच्या रुपयात चांदी एक्क्याण्णव टक्के, वजन बरोबर, आवाज खणखणीत. फक्त साल बनावट होतं. १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे, त्याला संग्राहक भरपूर पैसे मोजतात, म्हणून साध्या सालाच्या नाण्याचा शेवटचा आकडा कोरून नऊ केला होता. चांदी खरी, नाणं खोटं.

मी सराफ नाही. जळगावात बँकेत नोकरी केली, आता निवृत्त आहे आणि पंचवीस वर्षांपासून नाणी जमवतो. लोक येतात आणि विचारतात, "भाऊ, हाई चांदीनं शे का?" तेव्हा मी उलट विचारतो, तुम्हाला चांदी विकायची आहे की नाणं? कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांच्या परीक्षाही वेगळ्या. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा. नाण्याला इजा न करणाऱ्या परीक्षा आधी, आणि कसोटीच्या दगडावर घासायची पाळी आलीच तर सगळ्यांत शेवटी.

पहिली पायरी: हातात नेमकं आहे काय?

घरोघरच्या पूजेच्या ताटात जे 'चांदीचं नाणं' म्हणून असतं, त्यात चार जाती सापडतात.

पहिली, भारत सरकारची खरी स्मारक नाणी. एखाद्या व्यक्तीच्या, संस्थेच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ काढलेली. त्यांच्यावर अशोकस्तंभाचा सिंह असतो, 'भारत' आणि 'इंडिया' असतं आणि रुपयांत किंमत असते.

दुसरी, ब्रिटिश काळातले रुपये. राणीछाप, राजाछाप. कळीवर म्हणजे यंत्रावर पाडलेले म्हणून 'कलदार'. ही स्मारक नाणी नव्हेत, पण बाजारात त्याच पेटीत विकली जातात आणि खोटी सर्वांत जास्त याच जातीत निघतात.

तिसरी, सराफांचे, देवस्थानांचे, कंपन्यांचे शिक्के. लक्ष्मी-गणपती, साईबाबा, शिवराज्याभिषेक. यांच्यावर किंमत नसते, कारण कायद्याने ती नाणीच नाहीत, चांदीचे गोल तुकडे आहेत. त्यांच्यात प्रश्न एकच, चांदी किती टक्के. चांदीवर हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे, सक्तीचा नाही. तरी ज्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा स्वतःचा ओळख क्रमांक, कोरलेला असेल तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून पाहता येतो. आणि लक्षात ठेवा, सरकारी नाण्यावर हॉलमार्क नसतोच. तो दिसला तर आनंदू नका, संशय घ्या.

चौथी जात निव्वळ बनावट कल्पनेची. ईस्ट इंडिया कंपनी, साल १६१६ किंवा १७१७ किंवा १८१८, एका बाजूला राम दरबार नाहीतर हनुमान, आणि किंमत एक आणा किंवा अर्धा आणा. कंपनीने असं नाणं कधीच काढलेलं नाही. तिने साऱ्या मुलखासाठी एकसारखी नाणी सुरू केली तीच १८३५ मध्ये, राजा चौथ्या विल्यमच्या छापाची. हे तांब्या-पितळेचे तुकडे चांदीचा मुलामा देऊन लाखोंच्या गोष्टी सांगत विकले जातात. 'तांदूळ ओढणारं नाणं' हा त्याच टोळीचा थोरला भाऊ. असं काही हातात आलं तर पुढच्या पायऱ्या वाचूच नका, चहा पिऊन पाहुण्याला वाटेला लावा.

दुसरी पायरी: आकडा आधी, नाणं नंतर

नाणं हातात घेऊन 'खरं वाटतं का' असं बघू नका. आधी ते कसं असायला हवं हे कागदावर लिहा. सरकारी स्मारक नाण्यांच्या बाबतीत हे फार सोपं आहे आणि तरीही कोणी करत नाही. प्रत्येक नव्या नाण्यासाठी अर्थ मंत्रालय भारताच्या राजपत्रात नियम प्रसिद्ध करतं. त्यात व्यास, वजन, धातूचं प्रमाण, कडेवरचे दाते, दोन्ही बाजूंचं चित्र, कोणता मजकूर कुठे आणि कोणत्या लिपीत, हे सगळं शब्दांत दिलेलं असतं. राजपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. जुन्या नाण्यांसाठी संग्राहकांची सूचिपत्रं बघावीत.

नेहमी लागणारे आकडे देऊन ठेवतो. घनता मी धातूच्या प्रमाणावरून काढली आहे, ती पाण्याच्या परीक्षेला लागेल.

ब्रिटिश रुपया, १८३५ ते १९३९: वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. चांदी ९१.७ टक्के. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. घनता १०.३.

ब्रिटिश रुपया, १९४० ते १९४५: वजन तेच, पण युद्धामुळे चांदी निम्म्यावर आली. घनता ९.५. कडेवर दात्यांच्या मधोमध खाच आणि त्या खाचेत बारीक नक्षी.

महात्मा गांधी जन्मशताब्दी, १९६९, दहा रुपये: १५ ग्रॅम, ३४ मिलिमीटर, चांदी ८० टक्के. घनता १०.१.

स्वातंत्र्याची पंचवीस वर्षं, १९७२, दहा रुपये: सुमारे २२.५ ग्रॅम, चांदी ५० टक्के.

नंतरची शंभर रुपयांची बहुतेक स्मारक नाणी, आणि २०२३ चं नव्या संसद भवनाचं पंचाहत्तर रुपयांचं नाणंसुद्धा: ३५ ग्रॅम, ४४ मिलिमीटर, कडेला २०० दाते, चांदी ५०, तांबं ४०, निकेल ५ आणि जस्त ५ टक्के. घनता ९.५.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची हजार वर्षं, २०१०, हजार रुपये: ३५ ग्रॅम, ४४ मिलिमीटर, चांदी ८० टक्के, तांबं २०. घनता १०.१.

अलीकडे काही नाणी ९९.९ टक्के शुद्ध चांदीतही निघाली आहेत, म्हणून 'सरकारी म्हणजे निम्मी चांदी' हेही डोळे मिटून धरू नका. ज्या नाण्याचं तपासायचं त्याचंच राजपत्र बघा.

१९६९ च्या गांधी मालिकेत एक गंमत आहे. दहा रुपये चांदीचे, पण त्याच मालिकेतला एक रुपया आणि पन्नास पैसे निकेलचे. १९६४ चा नेहरूंचा रुपयाही निकेलचा. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दिवशी सासरी आलेल्या लेकीला 'चांदीचा गांधी रुपया' म्हणून दिलेली निकेलची नाणी मी इतकी पाहिली आहेत की आता आधी चुंबकच काढतो. निकेल चुंबकाला चटकन चिकटतं. नाणं खरंच असतं बरं का, फक्त चांदीचं नसतं. १९९९ चा छत्रपती शिवाजी महाराजांचा दोन रुपयाही असाच, कॉपर-निकेलचा. त्याला चुंबक लावून काही कळणार नाही, तिथे एवढी माहितीच पुरते.

तिसरी पायरी: भिंगाखाली

सराफ डोळ्याला लावतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. नाणं कडेने धरा, तोंडावर अंगठा ठेवू नका. घामाचा ठसा चांदीवर कायमचा बसतो, आणि आरशासारख्या चकाकीच्या 'प्रूफ' नाण्याची किंमत त्या एका ठशाने उतरते.

आधी अक्षरं बघा. टांकसाळीत नाणं दाबून पाडतात. दाबाने धातू ठशाच्या कोपऱ्यात घुसतो, म्हणून अक्षराची भिंत सरळ उभी आणि पायथा तीक्ष्ण असतो. साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरं साबण वापरून झिजावा तशी गोलसर दिसतात, आणि सपाट जागेवर सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात. ते हवेचे बुडबुडे. झीज आणि ओतकाम यांत गल्लत करू नका: झिजलेल्या नाण्यावर उंच भाग, म्हणजे गाल, केस, मुकुट, आधी सपाट होतात आणि खोलगट जागा शाबूत राहतात. ओतीव नाणं खोलात आणि उंचावर सारखंच बोथट असतं.

मग कड. इथे बनावट करणारा सगळ्यांत जास्त आळस करतो. कडेच्या मधून गोल फिरणारी शिवण दिसते का, कानस मारल्याच्या रेघा दिसतात का, दाते तिरपे किंवा कमीजास्त रुंद आहेत का? शंभर रुपयांच्या नाण्याचे दोनशे दाते मोजत बसायची गरज नाही. ४४ मिलिमीटर व्यासाचा घेर सुमारे १३८ मिलिमीटर होतो, त्यामुळे एका सेंटिमीटरमध्ये चौदा-पंधरा दाते यायला हवेत. मोबाइलने कडेचा जवळून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, मोजा. दहा-अकरा आले तर पुढे जायचं कारण नाही. १९४० ते १९४५ च्या ब्रिटिश रुपयाच्या कडेवर मधली नक्षीदार खाच नसेल तरी संशय घ्या.

मजकुरातल्या तारखा एकमेकींशी जुळतात का तेही पाहा. ₹ हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि नाण्यांवर ते २०११ पासून आलं. साल २००५ आणि किमतीपुढे ₹ असलेलं 'स्मारक नाणं' मी स्वतः हातात धरलंय. राणीच्या रुपयावर 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' ही अक्षरं १८७७ पासून आहेत. त्याआधीच्या रुपयावर 'व्हिक्टोरिया क्वीन' असतं. १८६२ साल आणि 'एम्प्रेस' एकत्र दिसलं की समजून घ्या. सालाखालचं टांकसाळीचं चिन्ह बघा: प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर मुंबईचं चौकट, म्हणजे पत्त्यातली इस्पिक-बदाममधली चौकट, हैदराबादचं तारा, नोएडाचं ठिपका, आणि कोलकात्याचं काहीच नाही. चिन्ह नाही म्हणून नाणं खोटं ठरवू नका, कोलकात्याला तेच चिन्ह आहे.

साल कोरून बदललेलं असेल तर भिंग त्या आकड्यावर तिरक्या उजेडात धरा. बदललेल्या आकड्याभोवतीची जमीन बाकीच्यापेक्षा किंचित खाली गेलेली किंवा जास्त गुळगुळीत असते, आणि त्याची उंची शेजारच्या आकड्यांशी जुळत नाही. पारोळ्याच्या त्या पोराला मी हेच दाखवलं. तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला आणि मग म्हणाला, "काका, नऊ बसलाय, बाकीचे उभे आहेत." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

एकाहून जास्त नाणी असतील तर एक परीक्षा मला फार आवडते. खऱ्या नाण्यांना आयुष्यात वेगवेगळ्या जखमा होतात. दोन नाण्यांवर एकाच जागी, एकाच आकाराचा ओरखडा किंवा खळगा दिसला तर दोन्ही एकाच ठशातून आलेली आहेत, आणि तो ठसा एका जखमी नाण्यावरून घेतलेला आहे.

चौथी पायरी: चुंबक आणि आवाज

चांदीला चुंबक ओढत नाही. पण तांबं, पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) यांनाही ओढत नाही. म्हणून चुंबकाने चांदी सिद्ध होत नाही, फक्त लोखंड आणि निकेल पकडले जातात. फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाने काम होणार नाही. जुन्या हार्ड डिस्कमधला चपटा, जोरदार चुंबक लागतो. जळगावच्या गोलाणी मार्केटात कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे भंगारातला मिळून जातो. तो पंचेचाळीस अंशात तिरपा ठेवून त्यावरून नाणं घसरवा: चांदी अडखळत, सावकाश उतरते, जर्मन सिल्व्हर सरळ घसरतं. तांबंही सावकाश उतरतं, म्हणून यावर थांबू नका.

आवाजाबद्दल थोडक्यात. बोटाच्या टोकावर नाणं तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारा. चांदीचा नाद लांबतो, शिशाचा भद्द होतो. फरशीवर आपटायचं नाही, आमचे आजोबा आपटत असले तरी. आणि तडा गेलेलं किंवा डाख (धातूचा सांधा) लावलेलं खरं नाणंही भद्दच वाजतं. बर्फाची परीक्षा व्हिडिओत छान दिसते, पण तांब्यावरही बर्फ जवळपास तितक्याच वेगाने वितळतो, त्यामुळे मुलामा दिलेल्या तांब्यापुढे ती निकामी आहे.

पाचवी पायरी: वजन, माप आणि पाणी

लेख लांबला तरी चालेल, पण ही पायरी नीट समजून घ्या. घरच्या घरी होणाऱ्या परीक्षांत हिच्याइतकी बोलकी दुसरी नाही.

लागतं काय? ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा (किराणा दुकानातला चालणार नाही), व्यास मोजायला डिजिटल व्हर्निअर, प्लास्टिकचा पेला, शिवणाचा बारीक नायलॉन दोरा आणि साधं पाणी.

आधी कोरडं वजन आणि व्यास. जुना ब्रिटिश रुपया झिजून ११.३ ते ११.६ ग्रॅम भरला तर नवल नाही. उलट चेहरा पार पुसलेला आणि वजन पूर्ण ११.६६, हे नवल आहे. झीज म्हणजे धातू गेलेला, मग वजन कुठून आलं? नव्या, पेटीबंद स्मारक नाण्यात मात्र अर्ध्या ग्रॅमचा फरकही मी सोडत नाही.

आता पाणी.

पेल्यात नाणं पूर्ण बुडेल एवढं पाणी घाला, त्यात भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब टाका. त्यामुळे नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत. पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. नाण्याभोवती दोरा एकदाच आडवा-उभा गुंडाळून ते पाण्यात अधांतरी सोडा. तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये आणि वर उघडंही राहता कामा नये. दोरा हातात न धरता पेल्यावर आडव्या धरलेल्या काडीला बांधा, काडीची टोकं दोन पुस्तकांवर टेकवा, काट्यावर नव्हे. काट्यावर आता जो आकडा दिसेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. आली घनता.

माझ्याकडच्या खऱ्या गांधी नाण्याचं कोरडं वजन १४.९६, पाण्यातला आकडा १.४८. भागाकार १०.१. कागदावरच्या आकड्याला टेकला.

दुसरं गांधी नाणं मी एका यात्रेत घेतलं होतं, नाणी जमवायला लागल्याच्या पहिल्याच वर्षी. विकणाऱ्याने आजोबांच्या पेटीची गोष्ट सांगितली, मी गोष्ट विकत घेतली. कोरडं वजन १४.२०, पाण्यातला आकडा १.६५, भागाकार ८.६. ही जर्मन सिल्व्हरची घनता. तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, चांदी नावापुरतीही नाही.

तुलनेसाठी: शुद्ध चांदी १०.५, तांबं ९.०, कॉपर-निकेल ८.९, पितळ ८.५ च्या आसपास, लोखंड ७.९, जस्त ७.१, शिसं ११.३. पस्तीस ग्रॅमचं खरं शंभर रुपयांचं नाणं पाण्यात ३.६७ च्या जवळ आकडा दाखवतं. तेच कॉपर-निकेलचं असेल तर ३.९ च्या पुढे जातं. हा फरक घरच्या काट्यावर स्वच्छ दिसतो.

या परीक्षेच्या मर्यादाही आहेत. शुद्ध चांदी १०.५ आणि ९२.५ टक्के चांदी १०.४, एवढ्या जवळचा भेद घरच्या काट्यावर खात्रीने करता येत नाही, काट्याची चूकच तेवढी असते. शिवाय शिसं आणि कथील मापाने मिसळून हवी ती घनता आणता येते. पण तसं नाणं मऊ असतं, त्याचा नाद मेलेला असतो आणि अक्षरं कधीच तीक्ष्ण येत नाहीत. म्हणजे ते चौथ्या पायरीवरच अडकायला हवं होतं. तीन वेळा मोजा, मधला आकडा धरा. आणि प्रूफ नाणं पाण्यात घालू नका. त्याचं फक्त वजन, माप आणि मशीन.

सहावी पायरी: टंच

इथवर सगळं जुळलं आणि पैसा मोठा असेल तर टंच काढणाऱ्याकडे, म्हणजे चांदीची शुद्धता तपासून देणाऱ्याकडे, किंवा हॉलमार्क केंद्रात जा. जळगावसारख्या सराफीच्या गावात यासाठी लांब जावं लागत नाही. धुळे, नंदुरबारलाही सोय होते. 'एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी धातू वाचणाऱ्या मशीनवर) दाखवा, घासू नका, कापू नका' हे आधीच बजावून सांगा. सराफाची सवय नाणं मोडीत काढण्याची असते, त्याच्या दृष्टीने एक ओरखडा म्हणजे काहीच नाही. संग्राहकाच्या दृष्टीने त्या ओरखड्यातच नाण्याची किंमत जाते.

मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं. जाड मुलामा दिलेलं तांबं त्याला चांदी वाटू शकतं, म्हणून मशीनचा आकडा आणि पाण्याचा आकडा शेजारी ठेवून वाचा. मशीन ९५ म्हणतंय आणि घनता ९.० आलीय, तर आत तांबं आहे. कमी चांदीच्या नाण्यात टांकसाळीतल्या प्रक्रियेने वरच्या थरातलं तांबं थोडं कमी होतं, त्यामुळे पन्नास टक्क्यांच्या नाण्यावर मशीन दोन-चार टक्के जास्त दाखवू शकतं. मावशींच्या नाण्याचं बावन्न तिथून आलं. आणि हे उलट बाजूनेही वापरा: २०११ च्या सुमाराच्या शंभर रुपयांच्या नाण्यावर मशीन ९९ दाखवत असेल तर खूश होऊ नका. टांकसाळीने ते शुद्ध चांदीत पाडलेलंच नाही, ते दुसऱ्या कोणीतरी पाडलंय.

कडी लावलेले रुपये

सातपुड्याच्या पायथ्याला, नंदुरबार, शहादा, धडगाव भागात राणीछाप रुपयांच्या माळा अजून अंगावर दिसतात. होळीला तर खासच. या रुपयांना कडी जोडण्यासाठी डाख लावलेला असतो. डाखामुळे वजन वाढतं, घनता घसरते आणि मशीन डाखाजवळ भलताच आकडा दाखवतं. मोजमाप कडी नसलेल्या बाजूचं घ्या आणि घनतेत ०.२ पर्यंतची तूट माफ करा. संग्राहकाला कडीचं नाणं नको असतं, पण ते खोटं नसतं. म्हाताऱ्या बायांकडून 'खोटा आहे' सांगून असे रुपये मोडीच्या भावाखाली नेणारे फिरत असतात. माळेतला एकेक रुपया तपासल्याशिवाय माळ हातची सोडू नका.

सगळं तपासलं, तरी फसगत कुठे होते?

शेतात नांगराला हंडा लागला, मजुराने रात्री येऊन एक नाणं दिलं, 'कुठेही दाखवून घ्या' म्हणाला. तुम्ही दाखवलं, अस्सल निघालं. दोन दिवसांनी पिशवीभर आणली, भाव निम्मा, घाई मोठी. पहिलं नाणं खरं असणं हाच सापळा आहे. पिशवीतलं कुठलंही नाणं तुम्ही स्वतः उचलून तपासायला मागा, सौदा तिथेच मोडतो. शिवाय गोष्ट खरी निघाली तरी पंचाईत आहेच: जमिनीत सापडलेलं धन १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

दुसरा प्रकार फोनवरचा. 'तुमच्या जुन्या नाण्याला रिझर्व्ह बँक लाखो रुपये देते, आधी कमिशन आणि कर भरा.' रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की ती असे व्यवहार करत नाही आणि कोणाला असे पैसे गोळा करायची मुभाही दिलेली नाही.

नवं स्मारक नाणं हवं असेल तर सरळ सरकारी टांकसाळीकडून घ्या. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टांकसाळी चालवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणी निघते, पैसे भरायचे आणि वाट बघायची. नाणं टपालाने येतं. शंभराचं नाणं शंभरात मिळत नाही, काही हजार पडतात, आणि बँकेच्या खिडकीवर तर मिळतच नाही. म्हणून 'बँकेत ओळख आहे, छापील किमतीत देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा. जुनं घेताना मूळ पेटी, बिल आणि पाकीट मागा, पण पेटी बघून नाणं खरं मानू नका. रिकाम्या खऱ्या पेट्या वेगळ्या विकल्या जातात.

घेण्याआधी नाणं घासू नका, घेतल्यावरही नको. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, यांपैकी काहीही नाही. चांदीवर वर्षानुवर्षांत चढलेला निळसर-काळा थर हा खरेपणाचा चांगला साक्षीदार असतो. तो घालवला की तपासणारा एका पुराव्याला मुकतो. खोटा काळेपणा ओळखायचा तर खाचा बघा. रसायनाने आणलेला काळा रंग खाचांत साठतो आणि ओल्या कापसाने पुसल्यावर बरेचदा कापसावर उतरतो.

आणि नाणं खोटं निघालं तर? ते दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. बनावट नाणी तयार करणं, खरी म्हणून चालवणं, त्या हेतूने बाळगणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १७८ ते १८० खाली गुन्हे आहेत. विकणारा ओळखीचा असेल तर बिल घेऊन पैसे परत मागा, टोळी वाटली तर पोलिसांत द्या. माझं यात्रेतलं गांधी नाणं मी पाकिटात घालून वर 'खोटं, १४.२०, ८.६' असं लाल शाईने लिहून ठेवलंय. नवशिक्यांना भिंगाखाली आधी तेच देतो.

मावशींना मी एक चिठ्ठी करून दिली: वजन ३४.९८, व्यास ४४, पाण्यातून आलेली घनता ९.५, राजपत्राची तारीख, आणि खाली ठळक अक्षरात, 'हे नाणं पन्नास टक्के चांदीचंच असतं'. घडी करून नाण्याच्या डबीत ठेवली. त्यांनी तिचा फोटो काढला आणि तिथेच बसून जावयाला पाठवला.